डोस वारंवार शिरेबाहेर जातोय? आधी इंजेक्शनच्या हाताचा फोटो काढा

पेट-सीटीची (किरणोत्सारी औषध शिरेतून देऊन घेतलेल्या स्कॅनची) पूर्ण शरीराची प्रतिमा उघडते आणि कोपराजवळ काळाकुट्ट गोळा दिसतो. यकृत फिकट, गाठी पुसट, आणि त्याच हाताच्या काखेत मात्र एखादी लसिकाग्रंथी ठळक उठलेली. रिपोर्ट करणारे डॉक्टर विचारतात, "इंजेक्शन बाहेर गेलं का?" इंजेक्शन रूममधून उत्तर येतं, "नाही सर, छान गेलं."

एखाद्या वेळी हे कुठेही होतं. पण तुमच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर "केमोच्या पेशंटच्या शिरा वाईटच असतात" एवढ्यावर विषय संपवू नका. त्याच वाईट शिरांवर डे-केअरमधली सिस्टर रोज काम करते. आपल्याकडचा फरक असा, की आपलं औषध थोडं, रंगहीन आणि बिनत्रासाचं असतं. दोन-तीन मिलिलिटर एफडीजी (पेटचं साखरेसारखं किरणोत्सारी औषध) कातडीखाली गेलं तरी बहुतेकांना दुखत नाही, हातही फारसा सुजत नाही. म्हणजे इंजेक्शन देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ते "छान गेलं" असंच वाटतं. त्यामुळे तासाभरानंतरच्या प्रतिमेवर विसंबून चालणार नाही. डोस जोडण्याआधीच शिरेची खात्री व्हायला हवी.

आधी खात्री करा: हे खरंच बाहेर गेलेलं औषध आहे का?

इंजेक्शनच्या जागी चमक दिसली म्हणजे एक्स्ट्राव्हेजेशन (औषध शिरेबाहेर ऊतीत जाणं) झालंच, असं नसतं. चार-पाच वेगळ्या गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात.

पहिला संशय कापसाच्या बोळ्यावर घ्या. सुई काढताना एखादा थेंब बाहेर येतो, बोळा तो शोषतो, वर चिकटपट्टी लागते आणि पेशंट तसाच कॅमेऱ्याखाली जातो. पट्टी आणि बोळा काढा, कातडी ओल्या गॉजने पुसा, गाऊनची बाही वर करा किंवा गाऊनच बदला, आणि त्याच जागेची एक मिनिटाची प्रतिमा पुन्हा घ्या. चमक गेली किंवा बरीच उतरली तर ती सांडलेली होती. हात थोडा फिरवून तिरकी प्रतिमा घेतली तरी कळतं: कातडीवरचा किंवा कपड्यावरचा डाग कडेला सरकतो, आतला जागीच राहतो.

चमक गोळ्यासारखी नसून शिरेच्या रेषेत लांबट असेल, आणि काखेत काही नसेल, तर औषध बहुधा शिरेतच रेंगाळलंय. फ्लश (डोसमागून ढकललेलं सलाईन) कमी पडला किंवा हात घट्ट मुडपून ठेवला की असं होतं. काखेत त्याच बाजूची ग्रंथी दिसली, कधी दंडातून वर जाणारी लसिकेची बारीक वाटही दिसली, तर मात्र शंका नको. ऊतीत साचलेलं औषध लसिकेवाटे काखेत पोचलंय. ज्या बाजूच्या स्तनाच्या कर्करोगासाठी स्कॅन आहे, त्याच हाताला सुई टोचली असेल तर आता ही ग्रंथी आजाराची की आपल्या सुईची, हा वाद सुरू होतो. म्हणून अशा पेशंटला नेहमी विरुद्ध हात. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या असतील तर लसिकासूज टाळण्यासाठीही तेच.

केमो पोर्टमधून (केमोसाठी कातडीखाली बसवलेल्या नळीतून) डोस दिला असेल तर छातीच्या मध्यभागी, वरच्या महाशिरेच्या ठिकाणी, एक ठिपका उरू शकतो. सीटीवर कॅथेटरचं टोक नेमकं तिथे आहे का ते पाहा, नाहीतर तो मध्यवक्षातली ग्रंथी म्हणून रिपोर्टमध्ये जाईल. पोर्टच्या धातूमुळे अ‍ॅटेन्युएशन करेक्शन (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांची भरपाई) जास्त होऊनही खोटी चमक येते, तेव्हा करेक्शन न केलेली प्रतिमा उघडायला विसरू नका. शक्य असेल तर पोर्ट सोडून दुसरी शीर घ्यावी, हे माझं मत.

एक दुर्मीळ प्रकार बोन स्कॅनमध्ये भेटतो. इंजेक्शनच्या जागेच्या खाली, बोटांपर्यंत, अख्खा पंजा हातमोजा घातल्यासारखा उजळलेला दिसतो. एमडीपी, म्हणजे बोन स्कॅनचं औषध, शिरेऐवजी धमनीत गेलंय. कोपरात ब्रेकियल धमनी शिरेच्या अगदी शेजारून जाते. लालभडक, ठोक्यासरशी येणारं रक्त दिसलं तर तिथेच थांबा.

आणि काहीच दिसत नाही तेव्हा? पेटमध्ये पेशंटचे हात डोक्यावर असतात आणि स्कॅन कवटीच्या तळापासून मांड्यांपर्यंत होतो. कोपर त्यात बहुतेकदा येतच नाही. अर्धा डोस दंडात बसलेला असला तरी प्रतिमा स्वच्छ दिसते, फक्त सगळं थोडं फिकट. म्हणूनच मथळ्यात सांगितलेला फोटो. यकृताचं सरासरी एसयूव्ही (डोस आणि वजनाच्या मानाने त्या जागी किती औषध जमलं त्याचा आकडा) साधारण २ च्या आसपास असतं; ते कारण नसताना बरंच खाली दिसलं की एक बेड पोझिशन (टेबल एका जागी ठेवून घेतलेली प्रतिमा) इंजेक्शनच्या हाताची घ्या. दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

फिकटपणाला इतरही कारणं असतात आणि ती आधी वगळावी लागतात. डोस कॅलिब्रेटरच्या (किरणोत्सार मोजायच्या यंत्राच्या) खोलीतलं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ जुळतात का? एफडीजीतल्या फ्लोरीन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे. दोन घड्याळांत १० मिनिटांचा फरक असला तर एसयूव्ही सुमारे ६ टक्क्यांनी चुकतं. सिरिंजमधला उरलेला डोस मोजून वजा केला का? वजन पेशंटला विचारून लिहिलं की काट्यावर घेतलं? साखर २०० च्या वर होती का? हे सगळं ठीक असेल तरच सुईवर या.

किती नुकसान होतं

एसयूव्ही काढताना सॉफ्टवेअर असं गृहीत धरतं की नोंदवलेला सगळा डोस रक्तात गेला. समजा, २० टक्के डोस हातातच राहिला. मग खरं ५ असलेलं एसयूव्ही ४ दिसेल. हा बेसलाइन, म्हणजे उपचाराआधीचा, स्कॅन असेल तर पुढच्या वेळी आजार वाढल्यासारखा दिसेल. हा केमोनंतरचा स्कॅन असेल तर आजार कमी झाल्यासारखा दिसेल. पर्सिस्ट या पेटवरून उपचाराचा गुण ठरवायच्या निकषांत ३० टक्क्यांच्या घटीला प्रतिसाद मानतात. म्हणजे एक बिघडलेली सुई औषधाचा गुण दाखवू शकते, आणि ऑन्कॉलॉजिस्ट त्यावर पुढच्या सायकलचा निर्णय घेतात. लिम्फोमाच्या डॉव्हिल श्रेणीत (पेट नजरेने वाचायच्या श्रेणीत) तुलना त्याच पेशंटच्या यकृताशी असते, म्हणून तिथे धक्का थोडा कमी बसतो; पण आकड्यांवर चालणाऱ्या तुलनेत लपायला जागा नाही.

डीटीपीए रिनोग्रामचं (मूत्रपिंडाच्या कामाच्या स्कॅनचं) दुखणं याहून वाईट, आणि ते कमी लोकांच्या लक्षात येतं. गेट्स पद्धतीत आपण भरलेली सिरिंज कॅमेऱ्यावर मोजतो, इंजेक्शननंतर रिकामी मोजतो आणि फरक म्हणजे पेशंटमध्ये गेलेला डोस, असं धरून जीएफआर (मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग) काढतो. त्यातला काही भाग दंडातच अडकला तर जीएफआर खोटा कमी येतो. शिवाय तो साठा हळूहळू रक्तात पाझरत राहतो, मूत्रपिंडाला नवं औषध मिळत राहतं, आणि वक्र खाली यायला उशीर लागतो. अडथळा नसलेलं मूत्रपिंड अडल्यासारखं वाटू लागतं. डाव्या-उजव्याची टक्केवारी त्या मानाने टिकते. मूत्रपिंड दान करणाऱ्याचा जीएफआर असेल तर ही चूक कुणाला परवडणार? म्हणून प्रत्येक रिनोग्रामच्या शेवटी इंजेक्शनच्या जागेची एक मिनिटाची प्रतिमा घ्यायची, संशय असो वा नसो.

बोन स्कॅन बराच सहनशील आहे. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचं, त्यामुळे मऊ ऊती धूसर दिसत असतील तर एक-दोन तास थांबून, पाणी पाजून, लघवी करवून पुन्हा प्रतिमा घेता येते. मायोकार्डियल परफ्युजनमध्ये (हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या स्कॅनमध्ये) तशी सोय नाही. स्ट्रेसच्या शिखरावर दिलेला डोस बाहेर गेला की तो क्षण गेला; पुन्हा द्यायचा तर ट्रेडमिल पुन्हा करावी लागते, म्हणजे दुसऱ्या दिवशी.

मुगा स्कॅनमध्ये (हृदयाच्या पंपाच्या तपासणीत) तर गरम, म्हणजे किरणोत्सारी, डोस उत्तम जातो आणि तरी स्कॅन बिघडतो. आधी दिलेलं 'थंड' पायरोफॉस्फेट बाहेर गेलेलं असतं, किंवा हेपॅरिन असलेल्या लाइनमधून दिलेलं असतं. लाल पेशींना टॅग नीट लागत नाही, आणि मोकळं परटेक्नेटेट (पेशींना न चिकटलेलं टेक्नेशियम) जठरात व थायरॉइडमध्ये चमकतं. थंड इंजेक्शनलाही तीच शिस्त लागते. रिनोग्राममध्ये लघवी वाढवायला दिलेल्या लॅसिक्सलाही.

पुन्हा पुन्हा का होतं

सर्वांत मोठं कारण मला सरळ सुईने दिलेला डोस वाटतो. एफडीजीचा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण निम्म्यावर आणायला शिशाची जाडी ४ मिलिमीटरच्या आसपास लागते; टेक्नेशियमच्या १४० साठी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी पुरते. म्हणून एफडीजीची टंगस्टनची सिरिंज शील्ड चांगलीच जड असते. ती थेट सुईला जोडून हातात धरली की सुईचं टोक हलणारच. त्यात आपण स्वतःचा डोस वाचवायला घाई करतो, जे बरोबरही आहे. पण घाई डोस ढकलण्यापुरती हवी, शीर शोधण्यात नको.

दुसरं कारण पेशंटच्या पाण्याचं. "सहा तास उपाशी या" असं फोनवर सांगितलं जातं आणि पेशंट पाणीसुद्धा न पिता येतो. पहाटेच्या एसटीने किंवा लोकलने निघालेला, केमोच्या चौथ्या सायकलनंतरचा, एसीच्या थंड वेटिंगमध्ये तासभर बसलेला माणूस. शिरा आत गेलेल्या नसतील तरच नवल. फोनवरच स्पष्ट सांगा: "काका, साधं पाणी भरपूर प्यायचंय, फक्त साखर, चहा, दूध, ज्यूस नको." आल्यावर चादर द्या, हात कोमट पाण्याच्या पिशवीने शेकवा, हात खाली लोंबता ठेवा. या काळात ऊब फक्त शिरेसाठी नसते. थंडीने तपकिरी चरबी एफडीजी उचलते, तेही टळतं.

तिसरं, जुना व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवलेली प्लॅस्टिकची नळी). वॉर्डातून आलेल्या पेशंटच्या हाताला कालचा व्हेनफ्लॉन असतो आणि सगळ्यांना तो देवाने दिल्यासारखा वाटतो. त्याची नळी वाकलेली असते, टोक शिरेच्या भिंतीला टेकलेलं असतं. सलाईन ठिबकतं म्हणून तो चालू आहे असं धरू नका. फ्लश करून बघा. जराही जोर लागला तर नवा घाला. वॉर्डची सिस्टर कुरकुर करेल, करू द्या.

चौथं, गाडी उशिरा येणं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन सुरू झालं. आता सायक्लोट्रॉन बरीच झाली, तरी अनेक शहरांत एफडीजी अजूनही रस्त्याने येतं. घाटात ट्रॅफिक लागली, दोन तास गेले की निम्म्याहून जास्त डोस रस्त्यातच संपतो. मग राहिलेल्यात सगळे पेशंट बसवायची धांदल, एकामागून एक इंजेक्शनं. व्हेनफ्लॉन गाडी यायच्या आधी घालून, फ्लश करून ठेवले तर ही धांदल निम्मी होते.

उलटी गोष्टही ध्यानात घ्या. गाडी वेळेवर आली की सकाळी एफडीजी इतकं घट्ट असतं की डोस अर्ध्या मिलिलिटरमध्ये मावतो. त्यातला बराचसा थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि एक्स्टेन्शन लाइनच्या पोकळीतच बसतो. सलाईनने दोन-तीन मिलिलिटरपर्यंत पातळ करून द्या.

माझा क्रम

शीर शक्यतो कोपरातली किंवा पुढच्या हाताची मोठी. पंजाच्या मागची शीर दिसते छान, पण निसटते आणि फुटते. बोन स्कॅनमध्ये मनगटही झाकून टाकते. २२ नंबरचा निळा व्हेनफ्लॉन, अगदीच नाजूक शिरेला २४ चा पिवळा. एकाच शिरेत दोनदा प्रयत्न फसला तर तिसरा त्याच शिरेत खाली नको, कारण वरच्या भोकातून औषध गळतं. जायचं तर वर जा, नाहीतर दुसरा हात. तेही जमेना तर दुसऱ्याला बोलवा. इथे मान-अपमान आणू नये.

व्हेनफ्लॉन पट्टीने नीट बसवून छोटी एक्स्टेन्शन लाइन जोडा, म्हणजे जड शील्डचा भार सुईवर येत नाही. टूर्निकेट सोडा. ती विसरून डोस दिला तर शिरेतला दाब वाढलेला असतो आणि औषध भोकाच्या कडेने बाहेर येतं. रक्त परत येतं का पाहा. मग १० मिलिलिटर सलाईन जरा जोराने द्या, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं टोकाच्या वर कातडीवर ठेवा. शिरेत जात असेल तर बोटांना आतून सरसर लागते. बाहेर जात असेल तर फुगवटा येतो. फक्त रक्त परत आलं यावर थांबू नका. टोक अर्धं आत, अर्धं बाहेर असलं तरी रक्त येतं. पेशंटला विचारा, "चुरचुरतंय का, ताई?" पण तिच्या 'नाही'वर भिस्त ठेवू नका.

हे सगळं शील्ड हातात घ्यायच्या आधी. खात्री झाल्यावर डोस जोडा, एकसारखा द्या, सिरिंजमध्ये सलाईन ओढून धुऊन तेही द्या, वर निदान १० मिलिलिटर फ्लश. सेस्टामिबी आणि टेट्रोफॉस्मिन ही हृदयाच्या स्कॅनची औषधं प्लॅस्टिकच्या सिरिंजला चिकटतात, त्यामुळे तिथे उरलेला डोस मोजणं टाळता येत नाही. सिरिंजबरोबर थ्री-वे, लाइन आणि बोळाही कॅलिब्रेटरमध्ये टाकून मोजा.

काही तपासण्यांना हा क्रम बदलावा लागतो. फुप्फुसाच्या परफ्युजनला एमएए (बारीक कणांचं औषध) देताना सिरिंजमध्ये रक्त ओढायचं नाही. रक्त कणांना मिळालं की गुठळ्या होतात आणि फुप्फुसात चार-दोन गरम ठिपके उमटतात. शीर आधी सलाईनने तपासा, मग सिरिंज हलवून कण सारखे करा, पेशंट उताणा झोपलेला असू द्या आणि फिल्टर असलेल्या लाइनमधून देऊ नका. थ्री-फेज बोन स्कॅनला (जिथे इंजेक्शनच्या क्षणापासून प्रतिमा घेतात) संशयित हाताच्या विरुद्ध बाजूला इंजेक्शन, आणि टूर्निकेट सोडल्यावर थोडं थांबून. नाहीतर रक्ताचा लोंढा पहिल्या फेजमध्ये खोटा दिसतो. सेंटिनल नोडच्या तपासणीत (गाठीतली लसिका आधी कुठल्या ग्रंथीत जाते ते शोधताना) औषध कातडीतच द्यायचं असतं, तेव्हा तिथे जागेवरचा गोळा हीच योग्य खूण.

बाहेर गेल्याचं लक्षात आलं तर

थांबा. व्हेनफ्लॉन लगेच उपटू नका; त्याच नळीतून जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढा. हात वर करून ठेवा, कोमट शेक द्या, पेशंटला मूठ उघडझाप करायला लावा. निदानाच्या डोसला बहुधा एवढं पुरतं. राहिलेला डोस त्याच हाताला खाली देऊ नका. बाहेर किती गेलं असावं याचा अंदाज, वेळ, जागा आणि फोटो, हे रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत प्रतिमेच्या आधी पोचू द्या. स्कॅन पुन्हा करायचा की नजरेने वाचून आकडे सोडून द्यायचे, ते डॉक्टर ठरवतील. पेशंटलाही सांगा. "मावशी, थोडं औषध हातात राहिलंय, हात कोमट ठेवा" म्हटलं तर कुणी रागावत नाही.

उपचाराच्या डोसचं गणित वेगळं आहे. ल्युटेशियम-१७७ डोटाटेटची (न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या उपचाराची) एक सायकल सहसा ७.४ गिगाबेकरेल, म्हणजे २०० मिलिक्युरी. अर्धायुष्य सुमारे ६.६ दिवस, आणि बीटा कण ऊतीत दोनेक मिलिमीटरच्या आतच सगळी ऊर्जा टाकतात. तेवढा डोस कातडीखाली बसला तर कातडी आणि खालची ऊती भाजू शकते. इथे जुना व्हेनफ्लॉन वापरायचाच नाही. अमिनो आम्लांची ड्रिप दुसऱ्या हाताला लावा, डोसच्या लाइनमधून आधी काही मिनिटं सलाईन सोडून पाहा, आणि इन्फ्युजन चालू असताना कुणीतरी शिल्डच्या आडून हाताकडे बघत राहायला हवं. बाहेर गेलंच तर ताबडतोब थांबवून डॉक्टर, फिजिसिस्ट आणि आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) यांना बोलवा, हाताच्या एकामागून एक प्रतिमा घेऊन साठा किती आणि किती वेगाने उतरतोय ते काढा. लाली आणि फोड त्या दिवशी दिसत नाहीत, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतात. म्हणून घरी सोडताना पुढच्या तपासणीच्या तारखा लिहूनच द्या.

अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने १९८० मध्ये औषध शिरेबाहेर जाण्याच्या घटना कळवण्याजोग्या मानायच्या नाहीत असं ठरवलं होतं, आणि ते बदलण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा निर्णय २०२२ मध्ये घेतला. चार दशकं फारसं कुणी मोजलं नाही, म्हणून हे क्वचितच होतं असा समज टिकला. आपल्या विभागात मोजायला कुणाच्या नियमाची वाट बघायला नको. इंजेक्शनच्या वहीत चार रकाने वाढवा: कोणता हात आणि जागा, व्हेनफ्लॉनचा नंबर आणि नवा की जुना, किती टोचण्या लागल्या, हाताची प्रतिमा स्वच्छ की नाही. टोचणाऱ्याचं नाव त्याच ओळीत लिहू नका. नाव लिहिलं की चौथा रकाना कायम 'स्वच्छ' भरला जातो. दोन-तीन महिन्यांनी वही चाळली की वॉर्डातून आलेले जुने व्हेनफ्लॉन, पंजाच्या शिरा की दुपारनंतरची घाई, यातलं तुमच्याकडे काय जास्त आहे ते दिसेल, आणि दुरुस्ती तिथूनच सुरू करता येईल.